वुडमनचं नाव

मालवण,
रविवार, रात्र

चि. ओंकार यास,
आईचे अनेक आशीर्वाद.

गुरुवारी फोन ठेवता ठेवता तू म्हणालास, "आई, कुशिंगलासुद्धा काढून टाकलं होतं." मला तेव्हा हा कुशिंग कोण तेही ठाऊक नव्हतं. परवानगी न घेता बोट काढलीस म्हणून तुझं सहा महिन्यांचं नुकसान झालंय, टर्म पुन्हा करायची आहे आणि तू कुठल्या तरी परक्या पोराचं नाव सांगून मोकळा होतोस, याचा मला रागच आला होता. पण मग तीन रात्री त्याच्याबद्दल वाचत बसले. नववीच्या वह्या तशाच पडल्यात.

तू म्हणालास ते खरं आहे. विल्यम कुशिंग. मार्च १८६१ मध्ये अमेरिकेच्या नौदल अकादमीतून त्याला जावं लागलं तेव्हा तो अठरा वर्षांचा होता. स्पॅनिशमध्ये कच्चा, आणि त्याच विषयाच्या प्राध्यापकाच्या दारावर पाण्याची बादली लावून ठेवणारा. एप्रिलमध्ये तिकडे यादवी युद्ध पेटलं, उत्तर विरुद्ध दक्षिण. उत्तरेच्या आरमाराला माणसं हवी होती, हा नौदलमंत्र्यांच्या मागे लागला आणि अगदी खालच्या हुद्द्यावर परत आला. एकोणिसाव्या वर्षी लेफ्टनंट झाला. तू इथवर वाचलंस आणि पुस्तक मिटलंस, असं मला वाटतं. मी पुढे वाचलं.

आधी त्याच्या आईबद्दल सांगते, कारण माझं लक्ष तिथेच जास्त गेलं. नवरा लवकर गेला, धाकटा विल्यम जेमतेम चार वर्षांचा. फ्रेडोनिया नावाच्या गावात शाळा चालवून तिनं पोरं वाढवली. चार मुलगे युद्धात. त्यातला ॲलोन्झो, विल्यमच्या पाठीवरचा नव्हे, त्याच्या आधीचा, तोफखान्यात होता. ३ जुलै १८६३ ला गेटिसबर्गच्या लढाईत जखमी होऊनही तोफेपासून हलला नाही आणि तिथेच पडला. बावीस वर्षांचा. त्याला त्यांच्या देशाचं सर्वोच्च पदक मिळालं ते २०१४ साली. त्या माउलीला त्याचा काय उपयोग, सांग.

विल्यमनं पहिली दोन वर्षं काय काय केलं, त्यात मी फार शिरत नाही. धाडसी होता, प्रश्नच नाही. 'एलिस' नावाची त्याची बोट नदीत रुतली तर शत्रूच्या हाती पडू नये म्हणून त्यानं स्वतः जाळली. एकदा रात्री शत्रूच्या जनरलला त्याच्या घरातून उचलायला गेला, तर जनरल घरात नव्हता.

पण आल्बेमार्लची गोष्ट मी बाबांना मोठ्यानं वाचून दाखवली. ही लोखंडी पत्र्यांनी मढवलेली युद्धनौका दक्षिणेच्या लोकांनी रोआनोक नदीकाठी चक्क मक्याच्या शेतात बांधली होती. एप्रिल १८६४ मध्ये ती खाली आली, उत्तरेचं एक जहाज तिनं बुडवलं आणि प्लिमथ गाव दक्षिणेनं परत घेतलं. त्या चकमकीत फ्लसर नावाचा अधिकारी मेला, त्यानंच डागलेला गोळा तिच्या पत्र्यावर आपटून उलटा येऊन फुटला. तो कुशिंगचा मित्र होता. आणि त्या नौकेवरचे अधिकारी तरी कोण? ज्या रात्री कुशिंग तिच्यावर चालून गेला त्या रात्री तिचा कप्तान होता वॉर्ली, युद्धापूर्वी याच अमेरिकेच्या आरमारात वर्षानुवर्षं नोकरी केलेला माणूस. यादवी म्हणजे काय ते मला इथे कळलं. एकाच अंगणातली माणसं.

कुशिंगनं मागितली एक लहानशी वाफेची लाँच. पुढे एक छोटी तोफ, आणि चौदा फुटांचा वासा, त्याच्या टोकाला सुरुंग. हे सगळं बाबा माझ्याकडे न बघता ऐकत होते, जाळ्याची गाठ मारत. मग एकदम म्हणाले, "मगे इंजिनाचो आवाज कसो दाबल्यान?" बावीस वर्षं किल्ल्याची होडी चालवणाऱ्या माणसाला पहिला हाच प्रश्न पडणार. दाबला होता, ओंकार. इंजिनावर खोकं ठेवून वरून ताडपत्री घातली होती. बाबांनी मान हलवली. "शाणो आसा," म्हणाले.

२७ ऑक्टोबरची रात्र, पाऊस, नदीच्या मुखापासून आठ मैल आत. आल्बेमार्लनं बुडवलेल्या त्या जहाजावर शत्रूचा पहारा होता, त्याच्या अगदी जवळून गेले आणि कुणाला कळलं नाही. मग काठावरून हटकलं गेलं, गोळ्या सुटल्या, जाळ पेटला आणि त्या उजेडात दिसलं की नौकेभोवती पाण्यात ओंडक्यांचा वेढा आहे. त्यानं लाँच मागे वळवली, लांब गेला आणि पूर्ण वेगानं ओंडक्यांवर चढवली. शेवाळलेले होते, लाँच घसरून आत गेली. परत बाहेर निघणार नाही हे त्याला दिसत होतं.

आता तू नीट वाच. त्याच्या हातात दोऱ्या होत्या. एक वासा खाली उतरवायची, एक सुरुंग वाशापासून सोडायची, एक तो उडवायची. सुरुंग सोडल्यावर तो पाण्यातून वर येऊन नौकेच्या तळाला टेकेपर्यंत थांबायचं. घाई केली तर वाया, हिसका जोरात दिला तर वाया. समोर नौकेची तोफ, इतकी जवळ की तोंड दिसतंय. कोटाची पाठ छर्र्यांनी फाटून गेली, बुटाचा तळ उडाला, आणि हा पोरगा दोरी हळूच ओढतोय. सुरुंग आणि तोफ एकदमच झाले. आल्बेमार्ल बुडाली. बाविसावं पुरं व्हायला आठवडा होता.

हा हात बादली टांगणाऱ्या पोराचा राहिला नव्हता. मधल्या तीन वर्षांत कुठेतरी तो थांबायला शिकला. तुझी त्याची तुलना करायची तर इथे करू या.

लाँच गेली, सगळे पाण्यात. बहुतेक पकडले गेले, काही बुडाले. सुटले दोघंच, कुशिंग आणि दुसऱ्या बाजूनं एक खलाशी. अंधारात पोहताना त्याला पाण्यात वुडमन भेटला, सोबतचा. दमलेला. कुशिंगनं त्याला धरून ओढत न्यायचा प्रयत्न केला, जमलं नाही, वुडमन गेला. स्वतः काठाला लागला तेव्हा पाण्यातून अंग बाहेर काढायची ताकद नव्हती, उजाडेपर्यंत चिखलात पडून राहिला. दुसऱ्या दिवशी दलदलीतून सरपटत गेला. आल्बेमार्ल बुडाल्याची बातमी त्याला एका काळ्या माणसानं गावात जाऊन काढून आणून दिली. ज्या मुलखात त्याला गुरासारखं विकता येत होतं तिथे त्यानं हे केलं, आणि कुशिंगच्या लिखाणात त्याचं नाव नाही. याचं मला वाईट वाटलं. मग पहारेकऱ्यांची होडी सोडवून तासन्‌तास वल्ही मारत तो आपल्या जहाजाला लागला.

दोन दिवसांनी त्यानं वरिष्ठांना अहवाल लिहिला. मी तो दोनदा वाचला. त्यात वुडमन आहे. तो मला पाण्यात भेटला, मी जमेल तशी मदत केली, पण त्याला काठावर आणू शकलो नाही, असं सरळ लिहिलंय. कोण शूरपणे वागला, कोण जखमी झालेला पाहिला, तेही नावानिशी.

पुढचं थोडक्यात लिहिते. बढती मिळाली, संसदेनं आभार मानले. जानेवारी १८६५ मध्ये फोर्ट फिशर या दक्षिणेच्या किल्ल्यावर खलाशांना तलवारी आणि पिस्तुलं देऊन वाळूतून धावायला लावलं, त्यात त्याचे दोन जिवलग मित्र त्याच्या आसपास पडले. आणि डिसेंबर १८७४ मध्ये वॉशिंग्टनच्या वेड्यांच्या इस्पितळात तो वारला. बत्तीस वर्षांचा होता, दोन लहान मुली होत्या. ॲनापोलिसला, जिथून त्याला काढलं त्याच अकादमीच्या दफनभूमीत आहे तो.

बाळा, तू परवानगी न घेता बोट काढलीस, मला समुद्राच्या वेडाचं नवल नाही, ते या घरातच आहे. पण तुझ्याबरोबर एक ज्युनियर होता आणि शिडाचा वासा फिरून त्याचं मनगट मोडलं. चाळीस मिनिटं बोललो आपण. टर्म, मार्क, मित्र पुढे जाणार, सगळं सांगितलंस. तो पोरगा तुझ्या बोलण्यात फक्त 'एक ज्युनियर' होता.

कोकमाची बाटली आणि खोबऱ्याच्या वड्या वेगळ्या पार्सलनं पाठवल्यात. अर्ध्या त्याला नेऊन दे, त्याच्या खोलीत जाऊन, उजव्या हाताला प्लॅस्टर असेल तर डबा उघडूनच दे. आणि त्याचं नाव काय, घर कुठे, ते मला कळव. त्याच्या आईशी मला बोलायचं आहे.

तुझी,
आई