सुऱ्यास, मिरजेहून

मिरज, रविवार रात्र

प्रिय सुऱ्या,

स. न. वि. वि. वगैरे. तब्येत बरी आहे, शुगर जिथल्या तिथे, चष्म्याचा नंबर तेवढा वाढला. तुझा गुडघा काय म्हणतो?

फोन केला असता, पण या घरात फोनवर बोललेलं सगळ्यांना ऐकू जातं आणि गच्चीवर गेलं की अम्मी खालून विचारते, कुणाशी बोलतोयस. शिवाय फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस. वहिनीचंही हेच म्हणणं आहे, तेव्हा चिडू नकोस.

भाईने हक्कसोडपत्राचा मसुदा करून आणलाय. अब्बांच्या मागे राहिलेला मळा आणि घर, दोन्हींचा. लिहून देणार अम्मी, आपा आणि छोटी; लिहून घेणार भाई आणि मी. माझं नाव वयासकट, धंदा नोकरीसकट टाईप केलेलं. मला विचारलंसुद्धा नाही. रत्नागिरी-नागपूर हायवे झाल्यापासून मळ्याच्या बाजूला प्लॉटिंगवाले घिरट्या घालतायत. त्यातल्या एकाने भाईला सांगितलं, नावं कमी करा, मग बोलू. तलाठ्याने वारस नोंद केली तेव्हा आम्हा पाचही जणांची नावं 7/12 वर सरळ चढली होती. तलाठ्याला जेवढी शरियत कळली तेवढी आमच्या घरात कळेना झालीय.

आता भाई तुला माहीत आहे. तो वाईट माणूस नाही, हे मी त्याच्यावर चिडलेला असतानाही लिहितोय. रमजानात सोन्याचा त्या दिवशीचा भाव बघून अडीच टक्के जकात पैशापर्यंत काढतो. मोहल्ल्यातल्या पोरांच्या फिया भरतो, कुणाला कळू देत नाही. एफडी मोडली तेव्हा व्याजाची रक्कम वेगळी काढून सार्वजनिक संडासाच्या दुरुस्तीला देऊन आला, सवाबची, म्हणजे पुण्याची, नियत न करता, आमच्याकडे तसंच सांगतात. मोबाईलवर पाची वक्त अजान वाजते. आणि परवा माझी नात बिस्किट मागत होती, तर हा चष्मा कपाळावर सरकवून पुड्याची मागची बाजू वाचत बसला. इमल्सिफायर 471. म्हणे ते चरबीचं असू शकतं. मी म्हटलं, भाई, पुड्यावर हिरवा ठिपका आहे, म्हणजे शाकाहारी आहे. म्हणाला, एहतियात, म्हणजे खबरदारी, बरी. पोरगी रडून झोपली. त्याच टेबलावर, त्याच पुड्याखाली तो मसुदा होता, सुऱ्या. त्यावर त्याला कसलीच एहतियात सुचली नाही.

कुराणात नमाज पढा असं पुन्हा पुन्हा आहे, पण रकाती, म्हणजे नमाजाची आवर्तनं, किती ते सांगितलेलं नाही. ते हदीसमधून शिकायचं. वारसाहक्काचं मात्र आकड्यांनिशी दिलंय. सूरा निसा, 11 आणि 12. विधवेला आठवा, उरलेल्यात मुलाला मुलीच्या दुप्पट. आमच्या घराचा हिशेब मांड: 48 हिस्से कर, 6 अम्मीचे, 14-14 आम्हा दोघांचे, 7-7 बहिणींचे. मळा दोन एकर, म्हणजे एकेका बहिणीच्या वाट्याला साडेअकरा गुंठ्यांच्या थोडं वर. आणि याच्याही आधी कर्ज फेडायचं. कर्जात बायकोचं मेहेर आलं, म्हणजे निकाहात कबूल केलेली रक्कम, जी अब्बांनी कधी दिलीच नाही. अम्मीला विचारलं तर म्हणते, मी केव्हाच माफ केलं. आमच्याकडे बायका सगळंच माफ करतात.

ही आयत आली कशी ते तुला सांगितलं होतं का? उहुदच्या लढाईत, 625 साली, साद बिन रबी मारले गेले. मागे बायको आणि दोन मुली. साद यांच्या भावाने सगळी मालमत्ता उचलली. ती बाई दोन्ही पोरींना घेऊन पैगंबरांकडे गेली आणि म्हणाली, यांच्या चुलत्याने यांना काही ठेवलं नाही, मालाशिवाय यांची लग्नं कशी होणार. मग आयत उतरली आणि चुलत्याला बोलावून सांगितलं गेलं: मुलींना दोन तृतीयांश दे, त्यांच्या आईला आठवा, उरेल ते तुझं. भाईला ही हदीस पाठ आहे. जुम्यानंतर पोरांना सांगतो. ती वाळवंटातल्या कुणा चुलत्याची गोष्ट आहे असंच त्याला वाटत असावं.

त्याचा वकील आणखी पुढचा. म्हणाला, 1937 च्या शरियत कायद्यात शेतजमीन वगळलेली आहे. खरंच वगळलीय, दुसऱ्या कलमात तसं आहे. शाहबानोच्या पोटगीच्या निकालावेळी शरियतमध्ये सरकारने बोट घालायचं नाही म्हणून मोर्च्यात पुढे चालणारा आपला भाई, तोच आता इंग्रजांच्या कायद्यातलं शेतजमीन वगळणारं वाक्य मला वाचून दाखवतो. मी म्हटलं, इंग्रजांनी वगळलं, अल्लाहने कुठे वगळलंय? तर उठून वजूला, नमाजाआधीचे हातपाय धुवायला, गेला.

तू हसत असशील. 85-86 साली विलिंग्डन कॉलेजच्या कट्ट्यावर तू मला काय पिडलंस! तुमच्यात बहिणीला अर्धा, तुमच्यात बहिणीला अर्धा. मी म्हणायचो, तुमच्यात वडिलोपार्जित जमिनीत तेवढा तरी आहे का? मग 1994 ला महाराष्ट्राने तुमच्या मुलींना सहदायाद, म्हणजे वडिलोपार्जित जमिनीत मुलाइतक्याच वाटेकरी, केलं, तेव्हा तू मला पोस्टकार्ड टाकलंस, फक्त ‘घे!’ एवढंच लिहून. ते कार्ड अजून आहे. 2005 ला दिल्लीनेही केलं. मी तुला तेव्हाच विचारलं होतं की तुमच्या वाड्यातल्या कुठल्या बहिणीने घेतला? तू उत्तर दिलं नाहीस, विषय काढलास भडंगाचा. अर्ध्याचा प्रश्न मलाही टोचतो, खोटं नाही बोलत. दुप्पट वाटा मुलाला, कारण बायकोपोरांना, आईला, निराधार बहिणीला पोसायची जबाबदारी त्याची, हे मला मान्य आहे. पण अब्बांना डायलिसिसला दर खेपेला सांगलीला कोण घेऊन जात होतं? छोटी. शाळेतून अर्धी रजा टाकून. तेव्हा अर्धं की पुरं हा वाद आपण जरूर घालू, पण आधी अर्धं तरी पोरींच्या हातात पडू दे.

आता मुद्द्याचं. काल सगळे जमलो होतो. भाईने मसुदा वाचला, तोही भरभर, फातिहा आटोपल्यासारखा. आपा म्हणाली, मला काय करायचीय जमीन, माहेर शाबूत राहिलं म्हणजे झालं. मग भाई म्हणाला, सही झाली की आपाला मक्केला उमऱ्याच्या यात्रेला पाठवायचं माझ्याकडे लागलं. सुऱ्या, आपाचा चेहरा असा खुलला! तिने लगेच विचारलं, रमजानात का त्याच्या आधी? इचलकरंजीत लूमच्या खडखडाटात आयुष्य गेलं तिचं, काबा बघायची एकच इच्छा बोलून दाखवते. तिच्या सात हिश्श्यांत ती दरवर्षी उमरा करेल, पोरासुनेला घेऊन करेल. हे मी बोललो असतो तर तिच्या आनंदावर पाणी ओतणारा मीच ठरलो असतो. आणि छोटी, जिला आपण लहानपणी खोटं सांगायचो की तुला दर्ग्याच्या उरुसात विकत घेतली, ती हसत हसत म्हणाली, भाई, सही नाही केली तर ईदला येऊ की नको? सगळे हसले. भाईसुद्धा. तिचा हात मात्र मसुद्याच्या कोपऱ्याची घडी घालत होता, उलगडत होता, पुन्हा घालत होता.

तेव्हा मला तुझी आक्काआत्या आठवली. म्हणून तुलाच लिहितोय, दुसऱ्या कुणाला हे पहिल्यापासून समजावून सांगावं लागलं असतं. तू होस्टेलच्या गच्चीवर सांगितलं होतंस, इरकल लुगडं नेसवून नेलं तिला, आणि हक्कसोडीवर अंगठा उठवताना ती हसत होती. आमच्याकडे लुगड्याच्या जागी उमरा आलाय. व्हिसासकट.

मी बोललो ते एवढंच की माझ्या नावे कुणी हक्क सोडायचा नाही. नावं आहेत तशी राहू देत, तहसीलदाराकडे रीतसर वाटप करून घेऊ, ज्याचा त्याचा तुकडा ज्याच्या त्याच्या ताब्यात जाऊ दे. नंतर आपाला वाटलं भावाला द्यावं, तर खुशाल बक्षीस देऊ दे. ताबा मिळालाच नाही ती वस्तू माफ कशी करणार? हजरत अबू बकर यांनी आयशांना खजुराचं उत्पन्न देऊ केलं होतं, ते ताब्यात घ्यायचं राहिलं, तर मरणाच्या बिछान्यावर म्हणाले, आता ते सगळ्या वारसांचं. सख्ख्या मुलीला, तीही कोण मुलगी! मशिदीतल्या मौलानांना मी विचारलं, त्यांचंही म्हणणं हेच पडलं, आधी हातात द्या, मग बोला. पण हे भाईसमोर येऊन सांगाल का म्हटल्यावर ते म्हणाले, घरचा मामला आहे. मशिदीच्या रंगाचा खर्च भाईने केलाय, हे मी इथे सहज म्हणून लिहितो.

भाईने मला एकच उत्तर दिलं: व्याजाच्या घरात राहणाऱ्याने मला शरियत शिकवू नये. पुण्यातला माझा फ्लॅट, वीस वर्षांचं होम लोन. लागलं, नाही कसं. मी तेव्हा दहा जणांना विचारलं होतं, दहा मतं मिळाली. कुणी हराम म्हणालं, कुणी राहत्या घरापुरती मजबुरी म्हणून चालेल म्हणालं, आणि भाड्याच्या घरासाठी माझं आडनाव ऐकून दारं लावणाऱ्यांचं मत मी धरत नाही. त्याचा जाब मी देईन. पण माझ्या व्याजाने छोटीचे सात हिस्से कमी होतात, हे गणित कुठल्या मदरशातलं?

अम्मीची पंचाईत सगळ्यात मोठी. रात्री माझ्या खोलीत येऊन म्हणाली, बाबा, तू सही कर, मी मेल्यावर हवं ते करा. पोरं एका दस्तरखानावर बसलेली तिला बघायचीत. यात तिचं चुकतं असं मला म्हणवत नाही. भाई बोलायचा बंद झाला तर अम्मी त्याच्याच घरात आहे, मी पुण्यात. बोलणं सोपं मला, निभावणं तिला. उद्या भाई आपाच्या सुनेच्या बाळंतपणाला गेला नाही तर त्याचाही दोष माझ्याकडे. हे सगळं मला दिसतं, आणि तरी सही होत नाही. हट्ट की इमान, ते मलाही सांगता येत नाही. अहंकार म्हणालास तरी ऐकून घेईन.

तुझं एक काम आहे. आपा मला खरं सांगणार नाही, मी भाऊ आहे आणि वाटेकरीसुद्धा. नवऱ्याला तर नाहीच. तुला सांगेल. तिच्या लग्नात तू रुसून जेवला नव्हतास तेव्हा मांडव सोडून तुला बिर्याणी भरवायला ती आली होती, तेवढं ती अजून तुझं धरते. तू तिला माझ्या बाजूने वळवायचं नाहीस, हे आधीच सांगतो. तुला वकिली करायची खुमखुमी येते. फक्त विचार, उमरा नसता तर सही केली असतीस का? ती हो म्हणाली तर मी गप्प बसेन, भाईला सांगेन आपाचं तुला लखलाभ. माझ्या निम्म्याचं काय करायचं ते मी आणि आपा बघू. छोटीचा प्रश्न वेगळा, तिला विचारायची गरज नाही, मी तिचा हात बघितलाय.

दुय्यम निबंधकाकडे पुढच्या गुरुवारची वेळ घेतलीय. त्याच्या आधी ये.

तुझं काय चाललंय विचारायचं राहिलं. मनूचं कॅनडाचं नक्की झालं का? डोंबिवलीची सोसायटी रिडेव्हलपमेंटला गेली म्हणे, भाडं वेळेवर मिळतं ना? वहिनीच्या आईचं ऐकलं, वाईट वाटलं, आल्यावर बोलू. निवृत्तीची पार्टी तू दिलेली नाहीस, विसरलेलो नाही.

महालक्ष्मीचं तिकीट काढलंस की कळव, मी पहाटे स्टेशनवर येतो. भाईला आधी सांगू नकोस, उरुसाला आलो म्हण. उरूस नसला तरी तो विचारणार नाही, तुला बघून त्याला बरंच वाटतं. आणि अम्मीसाठी पेढे आणू नकोस, मागच्या वेळी तिने लपवून खाल्ले आणि डॉक्टरांनी माझी खरडपट्टी काढली. बिस्किटं आणायची तर बिनइमल्सिफायरची आण.

तुझाच,
बाबू