निवृत्त उपग्रह जातो कुठे?

माननीय संपादक यांस,
स. न. वि. वि.

दूरचित्रवाणीचा एखादा उपग्रह निवृत्त झाला, की तो बिघडला असावा, असा वाचकांचा समज होतो. प्रत्यक्षात त्या वेळी त्याचे ट्रान्सपॉन्डर, म्हणजे संदेश घेऊन परत पाठवणारी यंत्रे, कित्येकदा ठणठणीत असतात. संपत आलेले असते ते इंधन.

विषुववृत्तावर ३५,७८६ किलोमीटर उंचीवरचा उपग्रह पृथ्वीच्या गतीने फिरतो, म्हणून डिश एकदा रोखली की पुन्हा हलवावी लागत नाही. मात्र सूर्य-चंद्राच्या ओढीने त्याची कक्षा दरवर्षी पाऊण ते एक अंशाने कलू पाहते, आणि ती सरळ ठेवण्यासाठी थ्रस्टर, म्हणजे उपग्रहाला ढकलणारी छोटी इंजिने, पुन्हा पुन्हा चालवावे लागतात. बहुतेक इंधन यातच खर्ची पडते. शिवाय मार्च आणि सप्टेंबरमधील दोन्ही संपातांच्या, म्हणजे दिवस-रात्र समान असतात त्या दिवसांच्या, सुमारास, प्रत्येकी सुमारे ४५ दिवस, तो रोज पृथ्वीच्या सावलीत शिरतो. ही सावली ७२ मिनिटांपर्यंत टिकते आणि तेवढा वेळ प्रसारण बॅटरीवर चालते. अशी सुमारे १५ वर्षे तो काढतो.

खरी कसोटी अखेरीस लागते. एवढ्या उंचीवर हवेचा अडथळा नसल्याने बंद पडलेला उपग्रह खाली येत नाही, तो त्याच वाटेवर इतरांच्या मध्ये भरकटत राहतो. म्हणून त्याला सुमारे ३०० किलोमीटर वर, ज्याला स्मशानकक्षा म्हणतात तिथे, न्यावे लागते. त्यासाठी साधारण तीन महिने पुरेल एवढे इंधन राखून ठेवावे लागते. परंतु वजनरहित अवस्थेत टाकीत किती उरले हे थेट मोजता येत नाही, थ्रस्टरच्या प्रत्येक वापराचा हिशेब मांडून अंदाज करावा लागतो, आणि त्या अंदाजात काही महिन्यांची चूक सहज होऊ शकते. त्यातच हे अखेरचे महिनेही उत्पन्न देणारे असल्याने ते सोडवत नाहीत, आणि राखीव इंधनही वापरून टाकण्याचा मोह होतो तो इथेच. माझ्या मते राखीव इंधनाची अट प्रसारणाच्या परवान्यातच असावी.

२००१ मध्ये सोडलेल्या इंटेलसॅट ९०१ या दळणवळण उपग्रहाला २०२० मध्ये दुसऱ्या यानाने अवकाशात जोडून घेतले आणि त्या यानाच्या थ्रस्टरच्या बळावर तो पुन्हा सेवेत आला. ही वाट आशादायक असली, तरी प्रत्येक उपग्रहाच्या वाट्याला येणारी नाही.

उपग्रहाच्या उड्डाणाला आपण ठळक जागा देता. त्याच्या निवृत्तीची बातमी देताना तो स्मशानकक्षेत पोहोचला की नाही, एवढे एक वाक्य आवर्जून छापावे, ही विनंती.

आपला,
एक नियमित वाचक