ओंडक्याचे वय आणि द्वारकेचे वय

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत ‘समुद्रात सापडली नऊ हजार वर्षांपूर्वीची द्वारका’ असा मथळा होता. संध्याकाळपर्यंत तोच मजकूर माझ्या फोनवर तीन ग्रुपांतून फिरून आला, म्हणून हे पत्र.

मथळ्यातली द्वारका एका ठिकाणची आणि नऊ हजार वर्षे भलत्याच ठिकाणची आहेत. द्वारका सौराष्ट्राच्या पश्चिम टोकाला. नऊ हजारांचा आकडा आला खंभातच्या आखातातून, म्हणजे सौराष्ट्र ओलांडून पार पलीकडच्या बाजूने. २००१च्या मे महिन्यात तेव्हाचे केंद्रीय मंत्री मुरली मनोहर जोशी यांनी जाहीर केले की, चेन्नईच्या राष्ट्रीय सागरी तंत्रज्ञान संस्थेला या आखाताच्या तळाशी ‘सोनार’वर, म्हणजे ध्वनिलहरींनी तळ टिपणाऱ्या यंत्रावर, चौकोनी आकृत्या दिसल्या आहेत. पुढे तळ खरवडून ज्या वस्तू वर काढल्या त्यांत लाकडाचा एक तुकडा होता. एके काळी सजीव असलेल्या वस्तूचे वय सांगणाऱ्या कार्बन-१४ चाचणीत त्याचे वय साडेनऊ हजार वर्षांच्या आसपास निघाले. चाचणीबद्दल माझे काही म्हणणे नाही. पण ते वय झाडाचे. त्या झाडाखाली शहर होते की नुसती नदी, हे चाचणी कशी सांगणार?

मी भुसावळचा. लहानपणापासून तापीचा पूर बघत आलो. मुळासकट उपटलेली बाभळ, कुणाच्या तरी गोठ्याचे वासे, सगळे गढूळ पाण्यात गरगरत पुढे जाते. हीच तापी सुरतेखाली खंभातच्या आखाताला मिळते. नर्मदा, मही आणि साबरमतीही तिथेच. त्यात या आखाताची भरती-ओहोटी देशात सर्वांत दांडगी, तळाची वाळू आज इथे तर उद्या तिथे. तिथे मिळालेला ओंडका कदाचित आमच्या खानदेशातलाही असेल! गमतीने लिहितो आहे, पण ‘नसेल’ असे ठामपणे सांगायला तो तुकडा एखाद्या भिंतीखाली, चुलीत किंवा न हललेल्या थरात मिळायला हवा होता. तो तसा मिळालेला नाही. पुरातत्त्वात वस्तूइतकीच तिची जागा मोलाची असते.

आता खऱ्या द्वारकेकडे. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतर्फे पुरातत्त्वज्ञ एस. आर. राव यांनी १९८३पासून तिथे पाण्याखाली शोध घेतला. घडीव दगड मिळाले, जहाजांचे शंभराहून जास्त दगडी नांगर मिळाले. हे काम खरे आणि कष्टाचे, त्याची टिंगल करणाऱ्यांत मी नाही. अडचण आहे ती काळाची. दगडाला कार्बन-१४ लागू पडत नाही. त्रिकोणी दगडाला वर दोराचे एक भोक आणि खाली लाकडी दांडके घालायला दोन, असला नांगर शेकडो वर्षे जवळजवळ तसाच घडवला गेला. नुसत्या आकारावरून तो श्रीकृष्णाच्या काळचा की मध्ययुगातल्या एखाद्या व्यापाऱ्याचा, हे कळत नाही. त्याच गोव्याच्या संस्थेतल्या पुढच्या संशोधकांनी हे नांगर आणि बांधकाम बऱ्याच नंतरच्या, ऐतिहासिक काळातल्या गजबजलेल्या बंदराचे मानले. ही बाजू आपल्या लेखात अवाक्षरानेही नाही.

बेट द्वारकेची गोष्ट जरा वेगळी आहे आणि मला ती जास्त भक्कम वाटते. तिथे उत्तर हडप्पाकालीन, म्हणजे सिंधू संस्कृतीच्या अखेरच्या काळातली वस्ती होती. भाजलेली माती शेवटची कधी तापली हे सांगणाऱ्या चाचणीत तिथल्या खापराचा काळ इसवी सनपूर्व १५००च्या सुमाराचा आला. तीन डोक्यांचा प्राणी कोरलेली शंखाची मुद्रा, म्हणजे शिक्काही मिळाला. राव यांनी तिचा संबंध हरिवंश या ग्रंथातल्या, द्वारकेच्या नागरिकांनी मुद्रा बाळगण्याच्या उल्लेखाशी जोडला. इथे मात्र मला थबकायला होते. मुद्रा सिंधू संस्कृतीशी संपर्क दाखवते, तेवढे नक्की. ती श्रीकृष्णाच्या यादवांचे ओळखपत्र होती हे ठरते केवळ ग्रंथ आधी हातात धरून बघितले तर. शिवाय बेटावरच्या खापराचे वय तीसेक किलोमीटरवरच्या द्वारकेच्या समुद्रातल्या भिंतीला चिकटवता येत नाही.

या सगळ्यात आपल्या पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे नाव कुणी घेत नाही, याचे मला फार वाईट वाटते. तिथले पुरातत्त्वज्ञ ह. धी. सांकळिया यांच्या नेतृत्वाखाली १९६३मध्ये द्वारकाधीश मंदिराशेजारी उत्खनन झाले. सर्वांत खालची वस्ती इसवी सनाच्या आगेमागेची निघाली आणि त्यांनी तसेच छापले. खड्डा लहान होता, म्हणून तो शेवटचा शब्द नव्हता. १९७९-८०मध्ये राव यांनी मंदिराच्या परिसरातच खणले तेव्हा जुन्या देवळांचे अवशेष आणि आणखी जुनी खापरे मिळाल्याचे त्यांनी मांडले. दोन्ही वेळा कोणत्या थरात काय मिळाले याची नोंद आहे, म्हणून वाद घालता येतो. ओंडक्याशी वाद कसा घालायचा?

२०२५च्या फेब्रुवारीत भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचे पाणबुडे पुन्हा द्वारकेच्या समुद्रात उतरले. त्यांना काही मिळाल्याची बातमी आपण छापाल तेव्हा ते कोणत्या खोलीवर, कोणत्या थरात मिळाले आणि वय नेमके कशाचे काढले, एवढे बातमीदाराला विचारायला सांगावे. आणि रविवारच्या लेखासोबतचा तो सोन्याच्या कळसांचा, माशांनी वेढलेला महाल संगणकावर काढलेला होता. त्याखाली ‘काल्पनिक चित्र’ हे दोन शब्द राहून गेले आहेत.

आपला,
एक नियमित वाचक, भुसावळ