मा. दूरसंचार मंत्री साहेब, आमच्या घराला स्वतःचा पत्ता कधी मिळणार?

साहेब, सप्रेम नमस्कार.

मी पुण्यात धायरीला राहतो. परवा मुलीच्या ॲडमिशनच्या फॉर्मचा शेवटचा दिवस होता आणि रात्री साडेदहाला सरकारी साईटने दार लावून घेतलं, 'तुमच्या आयपीवरून खूप रिक्वेस्ट आल्या आहेत'. अहो घरात लॅपटॉप एकच! कस्टमर केअरला चाळीस मिनिटं धरून बसलो तेव्हा कळलं की आमच्या घराला स्वतःचा आयपी, म्हणजे इंटरनेटवरचा पत्ता, नाहीच, कित्येक घरांना मिळून एकच दिलाय. म्हणजे वाड्यात शंभर बिऱ्हाडं, एकाने उधारी बुडवली की वाणी सगळ्या वाड्याला माल बंद करणार. स्वतःचा पाहिजे तर दरमहा वेगळे पैसे भरा म्हणे.

ही टंचाई वाटपातच आहे. १९८१ मध्ये इंटरनेटच्या पत्त्यांचे लहानमोठे गट, म्हणजे क्लास पाडले, क्लास ए चा एक गट म्हणजे १ कोटी ६७ लाख पत्ते, बी चा ६५,५३६ आणि सी चा फक्त २५६. मधलं काही नाहीच, त्यामुळे पाचशे कॉम्प्युटरवाला बी घेणार आणि पासष्ट हजार पत्ते पडून राहणार. अमेरिकेत एमआयटी विद्यापीठाला एक अख्खा ए, फोर्ड कंपनीला एक अख्खा ए! क्लास ई नावाच्या आणखी एका गटाचे २६ कोटी तर राखीव म्हणून अजून पडूनच आहेत. १९९३ ला क्लास मोडीत निघाले पण दिलेलं परत कोण देतो, २०११ मध्ये मुख्य साठाच संपला. जगाला मिळून ४२९ कोटी पत्ते आणि आपण एकटेच १४० कोटी.

हे तुम्ही केलं नाही, मान्य. पण आयपीव्ही६, म्हणजे सगळ्यांना पुरून उरतील इतके पत्ते असलेली नवी पद्धत, तिचा पहिला आराखडा तुमच्याच विभागाने २०१० ला काढला ना? सरकारी साईट ३० जून २०२२ पर्यंत त्यावर आणायच्या ही मुदतही तुमचीच. मग दरवेळी तारीख आम्हीच पाळायची का, टॅक्सची, बिलाची, फॉर्मची, एक मिनिट उशीर झाला की आमचं पोरगं बाहेर, आणि तुमची तारीख गेली तर कोणाचं काय जातं? वर्षभर पहाटे पाचला उठून अभ्यास केलाय तिने, बाराच्या ठोक्यापर्यंत रिफ्रेश मारत होती, मग काही न बोलता लॅपटॉप मिटला. मला अजून झोप नाही.

ती साईट आयपीव्ही६ वर आणा, आमच्या कंपनीलाही घरोघरी ते चालू करायला लावा. आणि त्या रात्री जी मुलं अशी अडकली त्यांच्यासाठी फॉर्म दोन दिवस परत उघडायला सांगा, संबंधित खात्याला तुमचा एक फोन पुरेल.

धायरीचा एक बाप