पुसलेल्या निरोपाबद्दल

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

सात महिन्यांत तुला एकही पत्र लिहिले नाही. आपल्या मंडळींच्या फोनवरच्या गप्पांत आपण रोज एकमेकांना भेटतो, तेव्हा वेगळ्या पत्राची गरज नाही, असे मी स्वतःला पटवून दिले होते. पण परवा रात्री जे घडले ते सर्वांसमोर सांगण्यासारखे नाही आणि तुझ्याखेरीज कोणाला ते नीट उमगेल असेही वाटत नाही. माझी प्रकृती ठीक आहे, औषधे केव्हाच संपली, चेहरा जवळजवळ पूर्वीसारखा झाला आहे.

परवा रात्री दोनच्या सुमारास आपल्या मंडळींतल्या धाकट्याचा मला एकट्याला निरोप आला : "दादा, चेहरा पूर्ण सरळ होणार हे तुला कधी कळले?" मी जागाच होतो. उत्तर लिहायला घेतले, तोवर त्याने तो निरोप पुसून टाकला. मग मीही माझे अर्धे उत्तर पुसले. सकाळी ताईंनी नेहमीप्रमाणे त्याच्या शस्त्रक्रिया झालेल्या गुडघ्याची खबर विचारली, मास्तरांनी "आमचे गतिमान धावपटू उठले का" असे विचारले, आणि त्याने दोन हसरे चेहरे पाठवले. तेव्हा मी मागे मागे जाऊन सगळे वाचले. गेल्या तीन आठवड्यांत त्याने आपल्या गप्पांत एकही शब्द लिहिलेला नाही. सगळी उत्तरे हसऱ्या चेहऱ्यांची आहेत. आपल्यापैकी कोणालाही हे खटकले नाही, कारण हसरा चेहरा आला की विनोद पोचला, असे आपण सारेच धरून चालतो.

त्या हसऱ्या चेहऱ्यांवर माझा विश्वास का उरलेला नाही, हे सांगायचे तर मला माझ्या आजाराच्या पहिल्या आठवड्याकडे जावे लागेल. तू तेव्हा प्रवासात होतास आणि परतल्यावर तुला सगळ्याचा फक्त गोषवारा मिळाला. सकाळी चूळ भरताना पाणी डाव्या कोपऱ्यातून आपोआप सांडले, आरशात पाहिले तर अर्धा चेहरा जणू दुसऱ्याचा होता. पक्षाघाताच्या भीतीने मी डॉक्टरांकडे धावलो. त्यांनी आधी कपाळाला आठ्या घालायला सांगितले. डाव्या बाजूला आठी पडेना, तेव्हा उलट त्यांच्याच कपाळावरच्या आठ्या कमी झाल्या. मेंदूतल्या झटक्यात बहुधा कपाळ शाबूत राहते, आणि मेंदूतून चेहऱ्याकडे येणाऱ्या सातव्या चेतातंतूलाच सूज आली तर कपाळासकट अर्धा चेहरा थांबतो, असे त्यांनी समजावले. हा तंतू कानामागच्या हाडातल्या अरुंद बोगद्यातून येतो आणि सुजला की तिथेच आवळला जातो. ज्या स्कॉटिश शल्यवैद्याने १८२१ मध्ये या तंतूचा अभ्यास मांडला, त्या चार्ल्स बेलच्या नावाने या आजाराला बेल्स पाल्सी म्हणतात. पहिल्या बहात्तर तासांत स्टेरॉइड सुरू झाले तर गुण येण्याची शक्यता वाढते, आणि माझे वेळेत सुरू झाले.

मी ही बातमी मंडळींना कळवली आणि अर्ध्या तासात थट्टा सुरू झाली. डोळा मिटत नसल्याने रात्री त्यावर पट्टी चिकटवावी लागते, असे मी लिहिताच धाकट्याने विचारले, "कप्तान, जहाज कुठल्या बंदराला लागले?" त्या बाजूच्या कानाला आवाज मोठे ऐकू येतात, असे लिहिले तर मास्तर म्हणाले की आता तुझ्या पाठीमागे बोलण्याची सोयच उरली नाही. मग मी एक ध्वनिमुद्रित निरोप पाठवला आणि त्यात ओठ मिटत नसल्यामुळे प, फ, ब, भ, म ही अक्षरे नीट उमटली नाहीत. ताईंनी तो दोनदा ऐकला आणि जाहीर केले की याचा उच्चार परत येईपर्यंत इथे कोणीही ही पाच अक्षरे वापरायची नाहीत.

मित्रा, तो आठवडा तू पाहायला हवा होतास. "मी" हा शब्दच बंद झाला, त्यामुळे सगळेच स्वतःबद्दल "आपण" म्हणायला गेले आणि त्यातही प निघाला. "बरा आहे" असे कोणाला म्हणता येईना, म्हणून प्रत्येक जण "ठीक आहे" म्हणू लागला. "मास्तर" या नावाची सुरुवातच चुकीची ठरली, तेव्हा त्यांनी आठवडाभरापुरते "गुरुजी" हे नाव घेतले. यावर ताईंनी हरकत घेतली की व्याकरणाच्या दृष्टीने उ आणि ऊ हे स्वरही ओष्ठ्यच आहेत आणि "गुरुजी" या शब्दात दोन उकार आहेत. मास्तरांना त्यांच्याच शास्त्रात पकडलेले त्या दिवशी प्रथम पाहिले. ते मागे हटले नाहीत. व हा दन्त्योष्ठ्य, तोही मग वगळा, असे त्यांनी सुनावले, आणि दोन दिवसांच्या वादानंतर फक्त प-वर्गावर तडजोड झाली. त्या नियमात बसणारे ताईंचे एक वाक्य मी जपून ठेवले आहे : "आता हसलास तर डाव्या गालाला राग येईल, उजव्यालाच हसू दे." ते वाचून मी खरोखर हसलो, अर्ध्या चेहऱ्याने हसलो, आणि आजार आल्यापासून आरशात स्वतःकडे पाहून रडू न येण्याची ती पहिली वेळ होती. या थट्टेचे माझ्यावर फार मोठे ऋण आहे आणि पुढे जे लिहितो त्याने ते कमी होत नाही.

तिसऱ्या आठवड्यानंतर खेळ थांबला, कारण प आणि म मला बऱ्यापैकी म्हणता येऊ लागले. गालाला बोट लावून धरले की ओठ मिटत. मंडळींनी मी बरा झालो असे धरले. प्रत्यक्षात गाल तसूभरही हलत नव्हता. साधारण तीन आठवड्यांत हालचाल दिसू लागली तर चांगले, असे डॉक्टर म्हणाले होते आणि माझे तीन आठवडे उलटले होते. तंतूची इजा खोल असेल तर तो दिवसाला साधारण एक मिलिमीटर वाढतो, हे मी वाचले होते आणि रोज रात्री बोटाने कानामागून ओठापर्यंतचे अंतर मोजत असे. या आजारात दहापैकी सुमारे सात जण उपचारांशिवायही पूर्ण बरे होतात, हे मला ठाऊक होते. मला मात्र उरलेले तीनच दिसत होते. आणि या साऱ्या काळात कोणी विनोद पाठवला की मी हसरा चेहरा पाठवत असे. माझा स्वतःचा चेहरा हसू शकत नव्हता, मन तर नव्हतेच हसत, आणि बोट मात्र ते चिन्ह दाबून मोकळे होत होते. एका रात्री उशी भिजलेली असताना मी डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसणारा तो पिवळा चेहरा तीनदा पाठवला आहे. तुलाच पाठवला होता. तुझ्या त्या बिनदाराच्या लिफ्टच्या विनोदावर.

आता ज्यासाठी पत्र लिहायला बसलो, ते सांगतो. तुझ्या क्षयाच्या उपचारांच्या वेळी आपले जे भांडण झाले, ते तुला आठवत असेल. तू रोज सकाळी गोळ्या घेतल्यावर धावफलक टाकायचास, "१८० पैकी ४३, नाबाद", आणि रिफॅम्पिसिन या क्षयाच्या औषधाने लघवी केशरी झाली तेव्हा तू जे वर्णन केलेस त्यावर ताईंनीही हात टेकले. मी तुला लिहिले होते की आजार हा थट्टेचा विषय नाही, आणि तू उत्तर दिले होतेस की तुला रडायला सोबत नको आहे, ती तुला घरात भरपूर आहे. आपण पाच आठवडे बोललो नाही. ते भांडण तू जिंकलेस, हे आज लेखी मान्य करतो. माझ्या आजारात एका नातेवाइकाने अतिशय गंभीर आणि प्रेमळ पत्र पाठवले, ते वाचून मी घाबरलो, कारण आपल्याला सांगितले त्याहून आपला आजार मोठा आहे की काय असे वाटले. थट्टा करणारा माणूस आपल्याला बरा होणारा समजत असतो. तू हेच सांगत होतास आणि मला ते तेव्हा कळले नाही.

पण त्या पाच आठवड्यांनंतर, तुझ्या चौथ्या महिन्यात, ताप गेलेला, खोकला गेलेला, वजन वाढू लागलेले, आणि सगळे तुला बरा झालास म्हणून अभिनंदन करत असताना, एका रात्री तू मला लिहिले होतेस : "आज कोणी हसवू नका." आणि लगेच पुसले होतेस. मित्रा, मी ते वाचले होते. तू पुसायच्या आधी मी ते पूर्ण वाचले होते आणि सकाळी तुझ्या धावफलकावर, "१८० पैकी ११८", टाळ्या पाठवल्या होत्या. भांडण नुकतेच मिटले होते. त्या निरोपाचा उल्लेख केला तर मी म्हणत होतो तेच खरे ठरले, असे तुला वाटेल, अशी भीती मला वाटली. ही माझी त्या वेळची सबब आहे आणि ती तुला सांगताना मला लाज वाटते. इतक्या वर्षांत मी तुला हे कधी सांगितले नाही. मला क्षमा कर.

म्हणून परवा पुन्हा तसाच पुसलेला निरोप पाहिल्यापासून मला चैन नाही. धाकट्याचा चौथा महिनाच चालू आहे. गुडघ्याचे लिगामेंट नवे बसवल्यावर दुखणे काही आठवड्यांत ओसरते, कुबड्या जातात, माणूस सरळ चालू लागतो आणि पाहणाऱ्यांच्या लेखी प्रकरण संपते. पण बसवलेला तो पट्टा शरीरात रुजत असताना पहिले काही महिने उलट कमकुवत असतो आणि खेळात परतायला नऊ महिने तरी थांबायला सांगतात. मांडीचा स्नायू किती झपाट्याने आटतो हे त्यानेच पहिल्या महिन्यात आपल्याला सांगितले होते आणि स्वतःच "एक मांडी धाकट्याची, एक धाकट्याच्या धाकट्याची" असा विनोद केला होता. तेव्हा तो वाक्ये लिहीत होता. आता लिहीत नाही.

मंडळींना थट्टा थांबवायला सांगू का, असे मी दोन दिवस स्वतःला विचारतो आहे. सांगितले तर ताई आणि मास्तर तत्काळ थांबतील, इतकी माया दोघांतही आहे. पण अचानक पसरलेली ती शांतता धाकट्याला दहा सांत्वनपत्रांसारखी लागेल. शिवाय ज्या थट्टेने मला उभे केले तिचे दार त्याच्यासाठी मी कोणत्या तोंडाने बंद करू? आणि न सांगावे, तर उद्या पुन्हा दोन हसरे चेहरे येतील आणि आपण सारे समाधानाने पुढच्या विषयाकडे वळू. त्याने निरोप पुसला, म्हणजे ते कोणी वाचू नये अशी त्याची इच्छा असेल, असेही मनात येते. तू तुझा निरोप पुसलास तेव्हा तुझी इच्छा काय होती? मी वाचलेला असावा असे तुला वाटत होते की नसावा? हे मी तेव्हाच विचारायला हवे होते. तुझ्या उत्तरावर मी धाकट्याशी काय बोलायचे ते ठरवणार होतो, पण पत्र लिहिता लिहिता मला वाटू लागले आहे की इतका वेळ त्याला थांबवू नये. आज रात्री मी त्याच्या पुसलेल्या प्रश्नाचे सरळ उत्तर लिहिणार आहे : पाचव्या आठवड्यात ओठाचा कोपरा एकदा थरथरला, तेव्हा वाटले की होईल, पण नक्की असे पाचव्या महिन्यापर्यंत कळले नाही, आणि अजूनही मी हसलो की डावा डोळा आपोआप थोडा मिटतो, कारण नव्याने वाढणारे काही तंतू वाट चुकून भलत्या स्नायूला जाऊन मिळतात. यातले काहीही गोड करून सांगणार नाही. तूही त्याला फोन कर. चौथा महिना कसा असतो हे आपल्या मंडळींत तुझ्याइतके कोणी जाणत नाही.

तुझ्या नव्या नोकरीबद्दल विचारायचे राहूनच गेले. वरिष्ठ बदलले हे ऐकून बरे वाटले. आईंच्या दुसऱ्या डोळ्याची शस्त्रक्रिया झाली का? त्यांना माझा नमस्कार. मुलीच्या परीक्षेचे कळव, वहिनींनाही सांग की त्यांचे पुस्तक माझ्याकडेच आहे आणि सुस्थितीत आहे.

तुझा,
जुना भांडखोर मित्र

ता. क. : पत्र बंद करण्याआधीच धाकट्याला लिहिले, राहवले नाही. वीस मिनिटांनी उत्तर आले : "अजून धावता येत नाही. खरे सांगू, कंटाळा आला." सोबत एकही हसरा चेहरा नव्हता. मी ते तीनदा वाचले आणि तिसऱ्यांदा लक्षात आले की त्यात प-वर्गातले एकही अक्षर नाही. मास्तरांनी मात्र दोन ऊकार मोजले असते. त्याने ते जाणून केले की सहज झाले, हे मी विचारलेले नाही. सकाळी सातला फोनवर बोलायचे ठरले आहे.