जिद्दीला संस्थांचीही जोड

जायबंदी माजी सैनिकावरील लेख (रविवार पुरवणी) वाचला. विठ्ठलावरील श्रद्धा आणि चिकाटीमुळे ते पुन्हा उभे राहिले, हे पटते. पण सारे श्रेय मनोबलालाच देणे अपुरे वाटते. १९६५च्या युद्धात गोळ्या लागलेल्या मुरलीकांत पेटकरांनी १९७२च्या हायडेलबर्ग पॅरालिम्पिकमध्ये जलतरणाचे सुवर्णपदक जिंकले. जिद्द त्यांचीच, पण पोहणे सुरू झाले ते उपचारांचा भाग म्हणून. अपंग जवानांना व्यवसाय शिकवणारी, १९१७ साली स्थापन झालेली क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट आपल्या खडकीतच आहे. किती पुणेकरांना ती ठाऊक असेल? लेखात अशा संस्थांसाठी दोन ओळी हव्या होत्या.

– एक वाचक, खडकी, पुणे