खालच्या मजल्यांवर ऊन येऊ द्या

महोदय,

मुंबईत झोपडपट्टी पुनर्वसनाच्या घरांची बातमी आली की तीत चौरस फुटांचा आकडा हमखास असतो. 225 चे 269 झाले, 269 चे 300, आणि धारावीत आता 350. घर वाढले याचा आनंदच आहे. 225 फुटांत सहा माणसे कशी झोपतात ते मी अनुभवले आहे. पण दोन इमारतींमध्ये जागा किती सोडणार, खालच्या खोल्यांत ऊन पोहोचणार का, हे कोणी सांगत नाही.

आम्ही पूर्वी हार्बर मार्गाच्या रुळांना लागून राहायचो. रेल्वेच्या कामासाठी झोपड्या हटल्या आणि मानखुर्दला सात मजली इमारतीत दुसऱ्या मजल्यावर खोली मिळाली. पक्के घर, घरात नळ, स्वतःचा संडास. आईने उंबऱ्याला हळदकुंकू वाहूनच आत पाऊल टाकले. त्या घरात भर दुपारी बारा वाजता ट्यूबलाइट लावल्याशिवाय तांदूळ निवडता येत नाहीत. खिडकीसमोर दुसऱ्या बिऱ्हाडाची खिडकी आणि मधल्या हाउसगल्लीत वरच्या मजल्यांवरून पडलेला कचरा. वास इतका की खिडकी बंदच ठेवावी लागते. पावसाळ्यात कपडे तीन-तीन दिवस ओले राहतात, कपाटामागची भिंत बुरशीने काळी होते. याच खोलीत माझ्या धाकट्या बहिणीला टीबी झाला. एकही दिवस न चुकवता सहा महिने तिने गोळ्या घेतल्या आणि ती बरी झाली. त्यानंतर वर्षभरात शेजारच्या घरातून तसाच खोकला ऐकू येऊ लागला.

हा आमच्या मजल्यापुरता योगायोग नाही. ‘डॉक्टर्स फॉर यू’ या संस्थेने लल्लूभाई कंपाउंड, नटवर पारेख कंपाउंड आणि पीएमजी कॉलनी या मानखुर्द-गोवंडी भागातल्या पुनर्वसनाच्या तीन वसाहतींत पाहणी केली. तिचा अहवाल 2018 मध्ये आला. जिथे इमारती एकमेकींना खेटून आहेत तिथे, आणि त्यातही खालच्या मजल्यांवर, टीबीचे रुग्ण जास्त आढळले. पीएमजी कॉलनीत इमारतींमध्ये अंतर अधिक आहे, तिथे ते बरेच कमी होते. या पाहणीला पैसा एमएमआरडीएच्याच, म्हणजे मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाच्या, पर्यावरण सुधारणा सोसायटीने दिला होता. म्हणजे हे सरकारी यंत्रणेला ठाऊक आहे.

मग इमारती अशा का उभ्या राहतात? विकासकाचा खर्च त्याच जमिनीवर बांधलेल्या विक्रीच्या घरांतून निघतो, त्यामुळे पुनर्वसनाची इमारत जितक्या कमी जागेत बसेल तितके त्याला बरे. नियमही त्याच्याच बाजूने झुकतो. झोपडपट्टी पुनर्वसनात बाजूची मोकळी जागा सोडण्यात सवलत मिळते, आणि हेक्टरी किमान 500 घरांची अट होती ती 650 पर्यंत गेली. किमान घरे किती हे नियमात आहे, मग किमान ऊन किती हेही असायला नको का?

माझी विनंती साधी आहे. सर्वांत खालच्या खोलीत डिसेंबरमध्ये किती तास ऊन येईल आणि वारा कुठून खेळेल, हे दाखवल्याशिवाय नकाशा मंजूर करू नये. संगणकावर हे काढता येते. विक्रीच्या टॉवरच्या जाहिरातीत ‘भरपूर उजेड, मोकळी हवा’ छापतात, तेव्हा त्याचे मोल सगळ्यांना कळते.

आमच्या इमारती पाडून पुन्हा बांधा असे मी म्हणत नाही. निदान हाउसगल्ल्या रोज साफ व्हाव्यात, म्हणजे आम्हाला खिडक्या तरी उघडता येतील.

– एक रहिवासी, मानखुर्द